हजारी ६६६ : गिरणगावातली एक खोली आणि माझ्या पणजीची नऊ मुलं

शमी_पाटणे

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, हिंमत होत नव्हती. घरातली गोष्ट आहे, पण फक्त आमच्या घराची नाही म्हणून लिहिते.

माझी पणजी १९१४-१५ च्या सुमारास लग्न होऊन मुंबईला आली. सासर राजापूर तालुक्यात, माहेर संगमेश्वर तालुक्यात. पणजोबा चिंचपोकळीच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि वर्षभरातच पणजीही वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, लागली. राहायला चाळीत एक खोली. तीही त्यांची एकट्यांची नव्हे, दोन चुलत दीर आणि गावचे तिघे जण असत.

आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य असं : "तिला नऊ झाली, तीन राहिली." पुढे कोणीतरी हमखास म्हणायचं, "तिच्या नशिबातच नव्हतं." एका थोरल्या काकूंनी तर "सटवाईचा कोप" असंही सांगितलं होतं. सहा मुलं गेली आणि दोष बाईच्या कपाळाला.

गेल्या वर्षी १९२१ सालचे मुंबईचे आकडे वाचनात आले आणि मी दोन दिवस नीट जेवले नाही. त्या वर्षी मुंबई शहरात हजार जिवंत जन्मांमागे ६६६ च्या आसपास तान्ही मुलं वर्षाच्या आत गेली. ही सरासरी संपूर्ण शहराची, म्हणजे मलबार हिल धरून. पालिकेच्या आरोग्य खात्याने घराच्या आकाराप्रमाणे फोड केली तेव्हा एका खोलीत राहणाऱ्यांसाठी हा आकडा हजारी ८२८ निघाला. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत तो १३३ होता.

तेच शहर, तेच वर्ष, तोच पाऊस. खोल्यांची संख्या वेगळी.

मला इथे दोन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या घरातही अशी "इतकी झाली, इतकी राहिली" प्रकारची वाक्यं असतील तर लिहा. आणि या आकड्यांमागचं ज्यांना कळतं त्यांनी समजावून सांगा. पणजीच्या नशिबाचा हिशेब मला मांडायचा आहे.

---

भायखळा_पूर्व

वाचताना घशाशी आलं. आमच्याकडे "सात-दोन" आहे. आजीची आई, काळाचौकी. कोणी कधी विचारलंच नाही की ती पाच कशाने गेली.

---

मोजमाप

धागा महत्त्वाचा आहे, म्हणूनच एक शंका आताच विचारतो, राग मानू नका. हजारी ८२८ म्हणजे पाच-सहा मुलांमागे जेमतेम एक वाचलं. असं खरोखर वर्षानुवर्षं चाललं असतं तर गिरणगावात पुढची पिढी दिसलीच नसती. आकडा कुठेतरी फुगलेला असणार. तो तसाच वापरला तर उद्या कोणीतरी एवढं एकच कारण दाखवून सगळा मुद्दा उडवून लावेल.

---

कोकणकडा

मोजमाप, शंका बरोबर आहे आणि तिचं उत्तर कोकणात आहे.

१९२१ च्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्यांपैकी शहरातच जन्मलेले लोक शंभरात सोळाच्या आसपास होते. बाकी सगळे बाहेरचे. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त. हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. शहर म्हणण्यापेक्षा पुरुषांची छावणीच होती ती. जी थोडी कुटुंबं होती, त्यांतली बाई बाळंतपणाला कुठे जायची? गावी. जन्म गावच्या दप्तरात लिहिला जायचा. दोन-तीन महिन्यांचं मूल घेऊन ती परत यायची, कारण खाडा फार झाला तर नायकीण, म्हणजे गिरणीतली बायकांची मुकादम, दुसरी बाई लावायची. मूल मुंबईत गेलं तर मृत्यू मुंबईच्या दप्तरात.

म्हणजे भागाकारात वरचा आकडा मुंबईचा पूर्ण आणि खालचा अर्धामुर्धा. म्हणून गुणोत्तर फुगतं, आणि एका खोलीवाल्यांचं सगळ्यात जास्त फुगतं, कारण गावी जाणारे तेच. त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही हे माहीत होतं.

पण फुगलेला म्हणजे खोटा नव्हे. नोंदीतला दोष कितीही वजा केला तरी एक खोली आणि चार खोल्या यांच्यातली दरी बुजत नाही.

---

मोजमाप

पटलं. हे मूळ लेखात वर घालाल का, शमीताई? आणि एक गोष्ट मला आताच जाणवली. तुमच्या पणजीच्या मुलांपैकी काही जण मुंबईच्या दप्तरात फक्त मृत म्हणून असतील, जन्मलेली म्हणून नसतीलच.

---

शमी_पाटणे

घालते. शेवटचं वाक्य तीनदा वाचलं.

---

जुनी_परिचारिका

मी छत्तीस वर्षं परळ भागात परिचारिका म्हणून काम केलं, त्यातली बरीच प्रसूतिकक्षात. निवृत्त होऊन आता अकरा वर्षं झाली. खोली मुलाला कशी मारते हे लोकांना पटकन समजत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

१९२१-२२ मध्ये सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीसाठी नेमलं होतं. चाळीच्या दुसऱ्या माळ्यावरची एक खोली त्यांनी पाहिली, साधारण पंधरा फूट बाय बारा फूट. आत सहा कुटुंबं. जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली, त्यावरून ते खरं ठरलं. मोठी-लहान मिळून तीस माणसं. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते.

आता त्या खोलीत एक बाळंतपण डोळ्यांसमोर आणा. सहा चुलींचा धूर. खिडकी असली तरी ती बहुतेक घरगल्लीवर उघडायची. दोन चाळींच्या मधली चिंचोळी बोळ म्हणजे घरगल्ली. टोपलीच्या संडासांचा मैला तिथूनच उचलला जायचा, मोऱ्यांचं पाणी तिथेच पडायचं आणि वरच्या माळ्यांवरून खरकटंही तिथेच फेकलं जायचं. म्हणून लोक खिडकी लावूनच घेत. लावली की हवा बंद, उघडली की माश्या आत.

नाळ कापायला सुईण घरात असेल ते हत्यार घ्यायची, विळा नाहीतर पातं. जखमेला राख किंवा शेण लावायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. त्यातून धनुर्वात व्हायचा. तान्ह्याचा धनुर्वात साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी उठतो. मूल दूध ओढेनासं होतं, तोंड मिटतं, आकडी येते. आपल्याकडे पाचवी पुजायची आणि सहाव्या रात्री जागायचं, सटवाई येऊन कपाळी लिहून जाते म्हणायचं. मी त्या पूजेची चेष्टा कधीच केली नाही. बायांनी तो दिवस अचूक ओळखला होता. मरणाचं कारण तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यातून वाचलेल्या मुलापुढे जुलाब आणि फुप्फुसाचे विकार. आणि आई कामावर परतली की बाळगोळी.

---

भायखळा_पूर्व

बाळगोळी म्हणजे अफूची ना? आजी सांगायची की चाळीत सगळ्याच बायका द्यायच्या, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

---

जुनी_परिचारिका

हो, अफूचीच. डॉ. बार्न्स यांनी लिहिलं आहे की गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभर मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात होती.

कृपा करून त्या आयांना कोणी नावं ठेवू नका. १९११ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बाईकडून दिवसाला अकरा तास काम घेता येत होतं. मूल घरी ठेवायचं कोणाकडे? एखादी म्हातारी किंवा सात-आठ वर्षांची बहीण. खोलीत रात्रपाळी करून आलेला पुरुष झोपलेला. मूल रडलं तर तो उठणार आणि त्याची पाळी बुडणार. मग सकाळी एक गोळी.

अफूने मूल झोपतं, पण भुकेलंच झोपतं. ते रडत नाही, म्हणून कोणी पाजत नाही. श्वास मंद होतो. शौचाला होत नाही. वजन भरत नाही, आणि मग साधं पडसंही त्याला झेपत नाही. तिकडे आईचं दूध साच्यापाशी उभ्या उभ्या लुगड्यात जिरायचं. मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलं जायचं "अशक्तता" किंवा "श्वसनाचा विकार". अफूचं नाव तिथे दिसणार नाही.

---

शमी_पाटणे

परिचारिकाताई, काल रात्री तुमचा प्रतिसाद आत्याआजीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणजे पणजीची शेवटची मुलगी, १९३३ चा जन्म, ब्याण्णव वर्षांची आहे, कान आणि आठवण दोन्ही शाबूत. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आईकडे काळी डबी होती शिसवाची. रिकामी होती. कोणाला हात लावू देत नसे."

ती डबी आता कोणाकडे आहे ते माहीत नाही.

---

जुना_दप्तरी

थोडं आधीपासून पाहिलं तर बरं. ही खोली अशी तीस माणसांची कशी झाली?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. शहर ओस पडलं. १८९१ ला आठ लाख वीस हजारांवर असलेली वस्ती १९०१ ला पावणेआठ लाखांवर आली. प्लेग घाणीतून आणि दाटीतून येतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. नागपाडा, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट या त्याच्या योजना. रस्ते रुंद झाले, समुद्राचा वारा आत आला, ही चांगली गोष्ट. पण सुरुवातीच्या वर्षांत खोल्या पाडल्या फार आणि बांधल्या थोड्या. पाडलेल्या खोलीतला माणूस गावी गेला नाही, तो शेजारच्या चाळीत शिरला. एका ठिकाणची दाटी दुसऱ्या ठिकाणी गेली एवढंच.

त्याच काळात परळला प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा होती, आजची हाफकिन संस्था. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे तिथल्या १९०५ नंतरच्या कामाने पक्कं झालं. म्हणजे उत्तर गिरणगावाच्या मधोमध सापडलं होतं. पण उंदीर धान्याच्या गोदामात आणि चाळीच्या छपरात, आणि चाळ घरमालकाची.

१९११ पर्यंत वस्ती पावणेदहा लाखांच्या पुढे गेली आणि दहातली सुमारे सात माणसं एका खोलीत राहत होती.

---

अनुजा_शिवडी

१९१८ चा इन्फ्लुएन्झा विसरू नका. जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून सुरू झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. जातवार दर पाहिले तर हात थरथरतो : खालच्या मानलेल्या जातींत हजारी ६१.६, इतर हिंदूंत १८.९, पारशांत ९, युरोपियनांत ८.३. विषाणू एकच होता.

कामगार नेते ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचे लोक तेव्हा चाळींतून औषधं आणि दूध वाटत फिरले. पालिका सगळीकडे पोचू शकली नव्हती.

शमीताई, तुमच्या पणजीची पहिली मुलं याच वर्षांतली असणार ना?

---

शमी_पाटणे

हो. पहिली तीन १९१६ ते १९२१ मधली असं आत्याआजी म्हणते. तिघांतलं एकही राहिलं नाही.

मला एक गोष्ट दिसते आहे, चुकत असेन तर सांगा. राहिलेली तिघं म्हणजे १९२५ चे माझे आजोबा, १९२९ चे धाकटे आजोबा आणि १९३३ ची आत्याआजी. १९२६ च्या आसपास आमचं कुटुंब नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं. आजोबा तेव्हा तान्हे होते. १९२८ च्या मोठ्या संपानंतर पणजीने गिरणी सोडली आणि घरीच खानावळ चालवायला लागली. मला वाटतं खोली बदलली आणि आई घरी राहिली, म्हणून मुलं जगली.

---

मोजमाप

एका घरावरून नियम काढू नका, ताई. नायगावला गेल्यावरही तुमच्या कुटुंबात मूल गेलं असेल.

---

शमी_पाटणे

गेलं. १९३१ ला एक गेलं. खरं आहे तुमचं. तरीही मी हे लिहून ठेवणार आहे, कारण "नशीब" म्हणणाऱ्यांनी तर एकाही गोष्टीचा विचार केला नव्हता.

---

नायगावकर_दादा

बीडीडीबद्दल थोडं. माझा जन्म तिथला. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने, म्हणजेच बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या केल्या. पैसा उभारायला शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला होता. खोली सगळी एकशे साठ चौरस फूट, संडास मजल्यावर सामायिक. आज ती खोली कोंदट म्हणून आपण नाक मुरडतो, पण सहा चुलींच्या खोलीतून आलेल्या बाईला स्वतःचं दार मिळालं होतं. खोलीत मोरी, नळाला पाणी, आणि मागे घरगल्ली नाही. सुरुवातीला भाडं परवडेना आणि गिरणीपासून लांब, म्हणून कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. तुमच्या पणजोबांनी ते भाडं कसं जमवलं असेल याचं मला नवल वाटतं.

---

शमी_पाटणे

दादा, खानावळ. अकरा जेवणारी होती म्हणे.

---

जुनी_परिचारिका

त्याच सुमारास बाकीच्याही गोष्टी झाल्या. परळला वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये उघडलं, केईएमही त्याच वर्षी. पालिकेच्या सुईणी चाळींत जाऊ लागल्या होत्या. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला पहिला. त्याच्या चर्चेत १९२८ ला डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार काही अंशी मालकाने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. नोकरीत असताना रजेचा अर्ज भरणाऱ्या मुलींना मी हे नेहमी सांगत असे.

---

कोकणकडा

शमीताई, मुलांच्या नोंदी शोधायच्या असतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक मागा, गाव नमुना चौदा. हल्ली जातीच्या दाखल्यासाठी लोक तेच काढतात. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख असते, बाळाचं नाव बहुधा नसतं. त्या काळातलं मोडीत असेल, वाचणारा बरोबर न्या.

---

शमी_पाटणे

ते केलं होतं मागच्या मे महिन्यात, चुलतभावाच्या दाखल्याच्या वेळी. राजापूर तालुक्यात पणजोबांच्या नावावर एकच जन्म सापडला, १९२३ चा. म्हणून मी निराश होऊन सोडून दिलं.

---

कोकणकडा

अहो, सासरच्या गावात शोधलंत. बाळंतपणाला बाई माहेरी जाते. संगमेश्वरला पाहा. जयगडला बोटीतून उतरून खाडीने वर गेली असेल. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे पावसातलं बाळंतपण असेल तर ती वैशाखातच गेली असेल आणि बाळाला घेऊन भाद्रपदात परतली असेल. महिने त्या हिशेबाने धरा.

---

शमी_पाटणे

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. धागा वर आणल्याबद्दल माफ करा.

संगमेश्वरला जाऊन आले. कार्यालयातल्या शिपाईकाकांनी स्वतः शिडी लावून दप्तरं काढून दिली, दोन दिवस. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी बरोबर होते. पणजोबांच्या नावावर पाच जन्म मिळाले. १९१६, १९१८, १९२०, १९२५ आणि १९२९. तीन मुलगे, दोन मुली. १९१६, १९१८ आणि १९२० यांच्यापुढे नाव नाही. मृत्यूची नोंद पाचांपैकी एकाचीही त्या गावात नाही. कोकणकडा म्हणाले तसंच, सगळी मुंबईला नेली. १९२० च्या मुलीचा जन्म आषाढातला आहे. पणजी तिला घेऊन भाद्रपदात बोटीत बसली असेल तर ती मुलगी दोन महिन्यांची होती.

राजापूरचं एक धरून सहा. आत्याआजी नायगावातली आणि १९३१ चं तिथलंच, म्हणजे आठ. नववं कुठेच सापडेना.

आत्याआजीला फोन करून एकेक वर्ष वाचून दाखवलं. ती प्रत्येक वर्षाला "हं" म्हणत होती. आठवं झाल्यावर मी विचारलं, नववं कुठलं? ती म्हणाली, "एक बोटीतच झालं होतं जयगडच्या अलीकडे. ते कोण लिहिणार?"